नऊ नावं आणि दहा कप

मैत्रिणींनो, तुमच्या घरचा हिशेब कोण लिहितं? आमच्याकडे ती वही लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या हाती आली. दूध, किराणा, सासूबाईंची औषधं, पुढं मुलाची फी. १९८७ साली ह्यांनी नोकरी सोडली आणि भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये दोन पॉवर प्रेसची मशीनं टाकली, तेव्हा तिथल्या वह्याही आपसूक माझ्याकडे आल्या. कारकून ठेवायची ऐपत नव्हती आणि मी बी.कॉम. होऊन घरीच होते. चलनं, उचल, पगारपत्रक आणि मस्टर. सगळं मी लिहायचे, तेही चिंचवडच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

आज तुम्हाला त्या मस्टरबद्दलच सांगायचं आहे. अशा गोष्टी आपल्या बायकांच्या नसतात असं कुणी म्हणेल. पण तुमच्यापैकी कुणाचे यजमान कारखान्यात नोकरीला असतील, कुणाचं स्वतःचं वर्कशॉप असेल. दोन्हीकडचं मी पाहिलं आहे. माझे वडील सांगलीकडे एका ऑइल इंजिनाच्या कारखान्यात मोल्डर होते. वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडून त्यांच्या पावलांवर पडलेले डाग मी लहानपणी बोटानं मोजत असे. आणि मी दिले गेले ते एका होऊ घातलेल्या मालकाला!

आधी पॉवर प्रेस म्हणजे काय ते सांगते. पुऱ्या करताना आपण मोठी पोळी लाटतो आणि वाटीनं गोल गोल कापतो ना, तेच हे मशीन पत्र्याचं करतं. वाटीच्या जागी पंच आणि डाय, आपल्या तळहाताच्या जागी वीस-तीस टनांचा दाब. पायडल दाबलं की ठोका. वाटी कशीही दाबली तरी पुरी निघते. इथे मात्र पंच आणि डाय यांच्यामधली फट केसाएवढी. ती जमवून डाय मशीनवर बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्याला शिकलेला माणूस लागतो, आणि शिकलेल्या माणसालाही दोन-तीन वर्षं हात बसायला लागतात.

आमच्या मस्टरवर नऊ नावं होती. शेडमध्ये माणसं मात्र दहा. हे मला कसं ठाऊक? चहामुळे! सुरुवातीला चहा मीच करून मोठ्या थर्मासमधून पाठवत असे, आणि कपांच्या हिशेबानं दूध घेत असे. दहा कप.

दहाव्याचं नाव का नव्हतं ते सांगते, म्हणजे तुम्ही ह्यांना एकदम वाईट ठरवणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर काम चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं झाली की तो 'कारखाना' होत असे. मग इन्स्पेक्टर आला, नोंदणी आली, पगारी रजा आल्या, ओव्हरटाइमला दुप्पट दर आला. राज्य विमा, म्हणजे ईएसआय, तोही आला. नऊपर्यंत आपली साधी शेड. त्यामुळे आमच्याच काय, आजूबाजूच्या गल्ल्यांतही 'नऊवाले' पुष्कळ होते. दहाव्याला वाउचरवर पैसे द्यायचे. ह्यांच्या मनात कुणाला लुबाडायचं होतं असं नाही. कुणाची आई आजारी असली तर मध्यरात्री स्कूटर काढून जाणारा माणूस हा. पण कायद्याचा विषय निघाला की म्हणायचे, "जरा उभं तर राहू दे मला. मग सगळं करीन."

हा दहावा म्हणजे बार्शीकडचा एक मुलगा. त्याला आपण दत्ता म्हणू. आयटीआय फिटर, सत्तावीस वर्षांचा. १९९३ च्या सप्टेंबरात लागला. डाय बसवण्यात त्याचा हात असा, की ठोक्याच्या आवाजावरून सांगायचा, "साहेब, डावीकडनं घासतंय." उघडून पाहावं तर खरंच डावीकडे घासत असे. आमच्याकडचा सगळ्यात कसबी माणूस, आणि नेमकं त्याचंच नाव मस्टरला नव्हतं. का, तर तो शेवटी आला होता, एवढंच.

मशीनला गार्ड होता. गज जोडून केलेली जाळी, पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही अशी. तो मशीनवर नसून भिंतीला टेकवून ठेवलेला असे. गार्ड लावला की माल घालायला-काढायला वेळ जातो आणि तासाचे नग घटतात. मार्च महिना होता. पार्टीला माल घाईनं हवा होता. नगावर आम्हाला सुटायचे ते पैशांत, रुपयांत नाही. १९९४ चा मार्च.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या शेडमधून फोन आला. मशीनच्या क्लचची चावी झिजली होती. पायडल न दाबताच दुसरा ठोका पडला. दत्ताच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाचं एक.

दवाखान्याचं वर्णन मी करत बसत नाही. खाजगी दवाखाना होता. विम्याच्या दवाखान्यात न्यायला कार्ड कुठं होतं? तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. बावीस-तेवीस वर्षांची, कडेवर सात महिन्यांचं मूल. ह्यांनी खिशातून पाकीट काढून तिच्यापुढं धरलं. पाच हजार रुपये होते. तिनं ते घेतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, पैसं वरीसभर पुरत्याल. फुडं? ह्यांना परत मशीनवर हुभं करत्यात का, तेवढं सांगा."

मी काय सांगणार होते?

त्या रात्री आमचे लेबर कन्सल्टंट घरी आले. भला माणूस, पण व्यवहार पाहणारा. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, मुलाला थोडे जास्त पैसे देऊन गावी पाठवा, कागदावर तो कधी नव्हताच. दुसरी, मस्टरला नाव घाला पण अपघाताच्या आदल्या दिवसाच्या तारखेनं, म्हणजे मागचं काही निघणार नाही. बोलता बोलता ते कायद्याचं पुस्तक टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. मी ते उघडलं. मागं एक यादी असते. कुठला अवयव गेला की कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली असं धरायचं, त्याची. अंगठा, ३०. तर्जनी पूर्ण, १४. तर्जनीची दोन पेरं, ११. मधल्या बोटाचं एक पेर, ७. एखाद्या दुकानातलं दरपत्रक असावं तशी ती यादी! मी अकरा आणि सात मिळवले. अठरा. माझ्या वडिलांच्या पावलांचे डाग मी बोटानं मोजायचे ना, तसं माझं बोट त्या ओळींवरून फिरत होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं.

अठरा टक्के! आवाजावरून डाय ओळखणाऱ्या माणसाचे? त्याच्या कामात तर्जनी अकरा टक्के असते का? फट चाचपायची ती त्याच बोटानं. पण कायद्याला कुठं तरी रेघ मारावीच लागते, तेही खरं.

कन्सल्टंट गेल्यावर आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं सगळ्यात मोठं. मी कुठंसं वाचलेलं ह्यांना ऐकवलं. जमशेदपूरला टाटांनी १९१२ सालीच आठ तासांचा दिवस केला. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा कायद्यात यायला पुढं तीस-पस्तीस वर्षं लागली. पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी त्यांनी १९२० मध्ये दिला. निधीचा कायदा आला तो १९५२ मध्ये. बाळंतपणाची मदत १९२८ मध्ये, मुंबई इलाख्याचा तसला कायदा १९२९ चा. त्यांचा कारखाना काही बुडाला नाही!

हे शांतपणे म्हणाले, "ते टाटा. त्यांच्या पोलादाचा भाव ते सांगतात. माझ्या ब्रॅकेटचा भाव गिऱ्हाईक सांगतं. त्यात तुझा दत्ता कुठं बसवू, दाखव."

मैत्रिणींनो, ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. मोठी कंपनी पार्ट घेते तेव्हा पत्र्याचं वजन, मशीनचा तास, मजुरी, वाहतूक सगळं धरते. कमी भाव देणाऱ्याकडे काम जातं. आणि भाव कमी करायचा झाला तर पत्रा स्वस्त करता येत नाही, विजेचं बिल कमी करता येत नाही. कात्री लागते ती माणसाच्या बाजूनं. गार्ड भिंतीला टेकतो, दहावं नाव वाउचरवर जातं. वर पुन्हा बिलाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी. (लहान उद्योगांची बिलं पंचेचाळीस दिवसांत द्यावीत असा कायदा २००६ साली आला. मागायला जाणाऱ्याला पुढचं काम मिळतं का, हे मागणाऱ्यालाच विचारावं!)

पण मस्टर माझ्या अक्षरात होतं. माझी सही नव्हती, अक्षर तर होतं. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी दहावं नाव लिहिलं. तारीख घातली तीच, सप्टेंबर १९९३ ची. आणि ह्यांच्यासमोर ठेवलं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तुला ठाऊक आहे ना काय होणार?"

मला पुरतं ठाऊक नव्हतं. कारखाना म्हणून नोंदणी झाली नव्हती म्हणून खटला झाला, दंड भरला. मागची विम्याची वर्गणी व्याजासकट भरावी लागली, आणि दत्तापायी विम्याच्या कचेरीला येणारा खर्चही आमच्याकडून वसूल व्हायचा होता. निगडीला वन रूम किचनचं बुकिंग केलं होतं, ते रद्द केलं. सासूबाई वर्षभर एकच वाक्य बोलायच्या, "दुसऱ्याच्या बोटापायी स्वतःचं घर घालवलंत." त्यांचं तरी काय चुकलं? भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांची खाट दारात होती.

दत्ताला राज्य विम्यातून दरमहा काही रक्कम सुरू झाली. फार नाही. पण ती त्याची हक्काची होती, आमच्या पाकिटातली नव्हती. हा फरक त्याच्या बायकोला माझ्याआधी कळला होता.

गार्ड मशीनवर चढला. गुरुवारी औद्योगिक सुट्टी, वीज नाही, म्हणून हे दोन गुरुवार हातानं काम करत बसले आणि चावी बदलून, जाळी पुन्हा बेतून घेतली. चिमट्यानं पट्टी सरकवायची सवय मुलांना लावली. पहिल्या आठवड्यात तासाचे नग सहाशेवरून साडेचारशेवर आले. मग चिमट्याला हात बसला तसे सव्वापाचशेपर्यंत चढले. सहाशे पुन्हा कधी झाले नाहीत. हे पार्टीकडे नगाला दोन पैसे वाढवून मागायला गेले. तिथला खरेदीचा माणूस म्हणाला, "अहो, गार्डचे पैसे पार्टमध्ये कसे धरायचे?" सहा महिन्यांत ते काम आमच्या मागच्या गल्लीतल्या शेडला गेलं. त्या शेडमध्ये मशीनवर गार्ड नव्हता. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिथली मुलं आमच्याकडे पाणी प्यायला येत.

तुम्ही म्हणाल, मग मिळवलंत काय? मीही म्हणत असे. दुपारी वही उघडली की म्हणत असे.

काम गेलं म्हणून ह्यांना दुसरं शोधावं लागलं. नग काढण्याऐवजी डाय बनवून द्यायच्या. त्यात नगाचा भाव नसतो, कसबाचा असतो. गिऱ्हाईकही जरा दबून बोलतं, कारण चांगली डाय करणारे थोडे. दत्ता चार महिन्यांनी परत आला होता. प्रेसवर उभं राहायला त्याचं मन घेईना. ठोका पडला की खांदे उडायचे. ह्यांनी त्याला टूलरूममध्ये घेतलं. फट चाचपायला त्यानं डाव्या हाताचं बोट तयार केलं. त्याला दीड वर्ष लागलं. ह्या दीड वर्षात त्यानं बिघडवलेल्या पोलादाचे तुकडे मी खर्ची टाकत होते, आणि खरं सांगते, दर वेळी उदार मनानं टाकत नव्हते.

आणि १९९८ मध्ये तो सोडून गेला.

एका मोठ्या कंपनीनं दुप्पट पगार दिला, बस दिली, कॅन्टीन दिलं. आमची एक डाय अर्धी पडली होती. ती उशिरा गेली आणि बिलातून पैसे कापले गेले. ह्यांच्या जिवाला फार लागलं. "आपण घर विकून... म्हणजे घेतलंच नाही, आणि हा..." असं काहीबाही बोलायचे. मग ठरवलं की यापुढं प्रत्येकाकडून तीन वर्षं सोडणार नाही असं लिहून घ्यायचं. कागदही टाइप करून आणला. मी विचारलं, "१९८७ साली तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा तुमच्याकडून कुणी लिहून घेतलं होतं?" ह्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही हं! ड्रॉवरमध्येच टाकला. मलाही राग आला होता, नाही असं नाही. मी दत्ताच्या बायकोला संक्रांतीला बोलावलं नाही त्या वर्षी.

पण मालकाच्या वहीत मशीन लिहिता येतं, शेड लिहिता येते. त्या मुलाच्या डाव्या हाताच्या बोटात जे आलं ते आमच्या वहीत कुठल्या खात्याला लिहिणार? आम्ही त्याला पैसे भरले होते, तरी ते आमचं नव्हतं. आणि तो होता म्हणूनच तर आम्ही डायच्या धंद्यात आलो. टूलरूममध्ये पुढची दोन मुलं तयार झाली ती त्याच्याच हाताखाली. हे राग ओसरल्यावर सुचलं. पुढच्या वर्षी खंडेनवमीला तो पेढे घेऊन आला. झेंडू घातलेल्या मशीनपाशी उभा राहिला, प्रेसला नमस्कार केला, जरा लांबूनच. मी त्याच्या बायकोला आत नेऊन खणानारळानं ओटी भरली.

आता तुमच्यापैकी ज्यांचे यजमान नोकरीला आहेत त्यांना एक विचारते. त्यांचा विम्याचा क्रमांक तुम्हाला ठाऊक आहे का? गॅसच्या पुस्तकाजवळ तो लिहून ठेवा. राज्य विमा असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत ९० टक्के, आणि त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पहिल्या दिवशी झाली तरी चालते. बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांना औषधपाणी मिळतं. २०१७ साली त्यासाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपये केली गेली. कार्ड मात्र कामाला लागल्या दिवशी मागायचं. सेफ इन इंडिया नावाची एक संस्था आहे, ती २०१९ पासून मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतल्या हातांच्या अपघातांवर अहवाल काढते. त्यात पुन्हा पुन्हा हेच येतं की सगळ्यात जास्त बोटं पॉवर प्रेसवर जातात, आणि पुष्कळांना विम्याचं कार्ड मिळतं ते अपघात झाल्यावर. मार्च १९९४ मधली आमचीच गोष्ट! ते वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

ज्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे त्यांना मी काय सांगणार? मस्टर कोण लिहितं ते बघा, एवढंच म्हणते.

हे आता थकलेत, डोळ्यांनी कमी दिसतं. शेड मुलगा बघतो. स्वतःची आहे आता. सीएनसी मशीनं आहेत, हात आत गेला तर आपोआप थांबणारी. एक जुनी प्रेस कोपऱ्यात आहे, गार्डसकट. २०२५ च्या नोव्हेंबरात कामगारांचे नवे चार कायदे लागू झाले आणि तो १९४८ चा जुना कायदा संपला. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, आता विजेवर चालणारा कारखाना म्हणायला दहाऐवजी वीस माणसं लागतात. भविष्य निर्वाह निधीही वीसलाच."

"आपल्याकडे किती आहेत?"

"एकोणीस."

मी वाटीत आमटी वाढली. चहा आता टपरीवरून जातो, पण टपरीवाल्याचं महिन्याचं बिल अजून माझ्याकडेच येतं. हिशेबाची खोड सुटत नाही ना! दुपारी मी ते काढून बघितलं. सकाळी एकवीस, दुपारी एकवीस. रविवार धरून नव्हे, गुरुवार सोडून रोज.

संध्याकाळी त्याला विचारलं. म्हणाला, "तू चहा मोजतेस? पाहुणे असतात गं कुणीतरी."

"रोज दोन? दोन्ही वेळा?"

तो हसला, मग हसला नाही. मोबाईल घेऊन गच्चीवर गेला. उद्या मी भोसरीला जाणार आहे. मस्टर हल्ली कॉम्प्युटरवर असतं म्हणे, तेव्हा नातीला बरोबर नेईन.